चाळीस मिनिटांची वही

दातांच्या डॉक्टरला सगळं जग टरकून असतं, पण कवळी करणारा माणूस वेगळा असतो हे कुणाच्या गावीही नसतं. लोकांना वाटतं, डॉक्टर दात काढतात तसे कुठून तरी आणून बसवतातही. आमच्या कवळीवाल्याला याचं वाईट वगैरे काही वाटत नव्हतं. उलट बरंच वाटायचं. माणूस भिडस्त म्हणजे किती भिडस्त! अनोळखी कुणी समोर येऊन उभं राहिलं की याची जीभ टाळ्याला चिकटलीच. दुकानदाराने साबणाऐवजी मेणबत्त्या बांधून दिल्या तरी हा मुकाट्याने मेणबत्त्या घेऊन घरी यायचा, आणि मग बायको पदर खोचून साबण आणायला जायची.

त्याची खोली दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. खाली डॉक्टरीणबाई आणि त्यांचे पेशंट. वर हा, त्याची मेणाची वाटी, लहानशी शेगडी आणि फळीवर ओळीने मांडलेली प्लास्टरची तोंडं. मधे फक्त चौदा पायऱ्या. पण एकोणीस वर्षांत त्याने पेशंटच्या खोलीत पाऊल म्हणून टाकलं नव्हतं. मागच्या दाराने यायचं, मागच्या दाराने जायचं. दवाखान्यातल्या मावशी ट्रेमध्ये मापं घेऊन वर यायच्या आणि "घ्या तुमची तोंडं" म्हणून ठेवून जायच्या.

माप म्हणजे पेशंटच्या तोंडात गुलाबी लगदा दाबून घेतलेला ठसा. त्यात पातळ कालवलेलं प्लास्टर ओतायचं, की कुणाचं तरी पांढरंशुभ्र तोंड आपल्या हातात. पण लगेच नाही बरं का. प्लास्टर घट्ट व्हायला चाळीस मिनिटं लागतात. त्याआधी उकललं तर दात तुटून लगद्यातच राहतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. तेव्हा चाळीस मिनिटं हातावर हात ठेवून बसण्यावाचून गत्यंतर नाही.

सुरुवातीला तो या वेळात पेपर वाचायचा. पेपर संपला की प्लास्टरच्या पिशवीवरची बारीक अक्षरं वाचायचा. तीही पाठ झाली. मग एके दिवशी त्याचं लक्ष आदल्या दिवशीच्या एका साच्याकडे गेलं. डाव्या बाजूच्या दाढा झिजून सपाट झालेल्या आणि उजव्या बाजूच्या जशा उगवल्या तशाच. हा गृहस्थ जन्मभर एकाच बाजूने का चावत आला असेल? त्याने हा प्रश्न हाताशी होता त्या कागदावर लिहिला. खाली एक उत्तर लिहिलं. ते पटेना म्हणून दुसरं लिहिलं. दुसऱ्या उत्तरात एक भाऊ आला, भावाशी भांडण आलं, जेवताना त्याच्याकडे पाठ फिरवून बसणं आलं... मावशी चहा घेऊन आल्या तेव्हा प्लास्टर कधीच घट्ट झालं होतं आणि कवळीवाल्याचे कान लाल झाले होते. दुसऱ्या दिवशी त्याने येताना वही आणली.

लिहायला मूड लागतो म्हणणारी मंडळी मी पुष्कळ पाहिली आहेत. मूडची वाट बघण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. आमच्या कवळीवाल्याकडे मूड नव्हता, प्लास्टर होतं. नऊच्या ठोक्याला ओतलं, हात धुतले, पुसले, वही उघडली. ताप असो, घरी भांडण झालेलं असो, प्लास्टर ओतलं की लिहायचं. काहीच सुचेना झालं तर तो साच्यावर तळहात ठेवायचा. घट्ट होताना प्लास्टर गरम होतं. मग तो लिहायचा, "आज तोंड गरम आहे." आणि मग कुणाचं तोंड, कशाने गरम, कुणावर तापलं, असं करत पान भरायचं. चाळीस मिनिटं झाली की वाक्य अर्धं असलं तरी वही बंद. ते अर्धं वाक्य दिवसभर डोक्यात घोळत राहायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हा पायऱ्या दोन-दोन करून चढायचा.

त्याच्या बायकोला हे सगळं ठाऊक होतं. "तोंडं न बघता लोकांचे संसार मांडता," ती म्हणायची, "आणि आपल्या संसारातला नळ महिनाभर गळतोय, तो नाही दिसत!" पण बोलता बोलता ती वहीवर सांडलेलं प्लास्टर नखाने अलगद खरवडून काढायची. आतलं मात्र ती वाचत नसे. "ज्याचं त्याने दाखवलं तर बघावं," असं तिचं म्हणणं. आणि त्याने कुणालाच काही दाखवलं नव्हतं.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग त्या बाईंचं माप आलं.

चिठ्ठीवर इतकंच होतं: बाई, वय एकाहत्तर, वरचे पुढचे चार दात. साचा उघडला आणि कवळीवाल्याचे डोळे चमकले. खालच्या पुढच्या दातावर एक छोटीशी खाच होती. अगदी नीटस, कानशीने घासून काढावी तशी. ही खाच त्याच्या ओळखीची होती. दातांनी दोरा तोडून तोडून शिंप्यांच्या दातांना अशी पडते. झालं! वहीत एक शिंपीण येऊन बसली. नवरा लवकर गेलेला, पदरात तीन मुली, दिवसभर मशीन आणि तोंडात टाचण्या. टाचण्या तोंडात असल्यावर हसणार कशी बाई? तीस वर्षं ओठ मिटून काढलेली. आता मुली मार्गी लागल्या, मशीन विकलं, आणि बाई आता कशालाही हसते. मांजर शिंकलं तरी हसते.

एरवी एखादं तोंड दोन दिवसांत संपायचं. ही बाई नऊ दिवस चालली. कवळीवाला घरी जेवताना मधेच गालात हसायला लागला, तेव्हा बायकोने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

आणि याच नऊ दिवसांत त्याने त्या बाईंचे दात केले. मेणात दात बसवताना त्याच्या डोळ्यांसमोर ती हसरी शिंपीण होती, आणि तिच्या पुढच्या दोन दातांमध्ये एक फट होती. नखाएवढीसुद्धा नाही, पण होती. हसऱ्या माणसाला शोभते तशी. त्याने ती ठरवून ठेवली असं म्हणता येणार नाही. हाताने ठेवली. एरवी मेणातले दात पेशंटच्या तोंडात घालून बघतात, मगच पक्के करतात. पण या बाईंनी खाली निक्षून सांगितलं होतं, "मला दहा खेपा घालायला लावू नका. एकदा येईन, दात घालीन आणि जाईन." तेव्हा ती पायरी गाळली गेली.

सोमवारी सकाळी डॉक्टरीणबाई स्वतः वर आल्या. त्या वर येत नसत. त्यांना दारात बघूनच कवळीवाला स्टुलावरून उठला.

"काका, ही फट कुणी सांगितली होती?" त्यांनी दात त्याच्यासमोर ठेवले.

तो बघतच राहिला. आत्ता कुठे त्याला ती दिसली.

"आजी बोलायला लागल्या की शिटी वाजते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "साखर म्हणाल्या, शिटी. सकाळ म्हणाल्या, शिटी. बाहेर बसलेले पेशंट वळून वळून बघत होते. एक तर फिस्सकन हसला. आजींनी जागच्या जागी दात काढले आणि माझ्या हातात ठेवले. काका, एकोणीस वर्षांत तुमची एक चूक नाही. झालं काय?"

खोटं बोलणं त्याला जमायचं नाही. तेवढ्यासाठीही जीभ चालवावी लागते. त्याने वही पुढे सरकवली आणि खालच्या आवाजात म्हणाला, "या बाईला होती फट."

डॉक्टरीणबाईंनी दोन पानं चाळली. त्यांच्या कपाळावरची आठी आधी वाढली, मग थोडी सैल झाली, मग पुन्हा वाढली. बाई वाईट नव्हत्या. काकांशी त्या कधी चढ्या आवाजात बोलल्या नव्हत्या, आताही बोलल्या नाहीत.

"लोक माझ्यावर भरवसा ठेवून तोंड उघडतात, काका. तुम्ही त्यांच्या तोंडात भलत्याचेच दात बसवणार असाल तर मी काय करू? आजपासून ही वही इथे आणायची नाही. चिठ्ठी बघायची आणि दात करायचे."

"बरं," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

त्या दिवशी त्याने घरी येऊन सगळ्या वह्या सुतळीने बांधल्या आणि माळ्यावर टाकल्या. बायको स्टूल धरून उभी होती.

"अहो, डॉक्टर दवाखान्यात नको म्हणाल्या," ती म्हणाली. "घरी लिहा ना. स्वयंपाकघरातलं टेबल रिकामंच असतं सकाळी."

"नको. माझ्या लिहिण्यापायी एका म्हाताऱ्या बाईचं चार लोकांत हसं झालं." तो स्टुलावरून खाली उतरला. "कानाला खडा. आता लिहिणं बंद."

वैतागून बोललेलं आणि ठरवून बोललेलं यातला फरक बायकोला चांगला कळत होता. हे ठरवून बोललेलं होतं. हा माणूस जगाशी बोलायचा तो त्या वहीतच. ती गेली तर मागे उरणार काय, मेण आणि प्लास्टर?

मंगळवारी चाळीस मिनिटं त्याने टेबल पुसलं. बुधवारी टेबल पुसून झाल्यावर शेगडी पुसली. प्लास्टर घट्ट व्हायला आता युगं लागत होती. फळीवरच्या साच्यांकडे त्याने मुद्दाम पाठ केली, कारण नजर गेली की कुणाचा तरी मोडका सुळा प्रश्न विचारायचा. घरी तो जेवायचा, उठायचा, झोपायचा. "लिहीत नाही तर नाही, निदान भांडा तरी!" बायको म्हणाली. त्याने नळ दुरुस्त केला. ते पाहून तर बायकोच्या तोंडचं पाणीच पळालं.

गुरुवारी मावशी धापा टाकत वर आल्या. ट्रेमध्ये एकच माप होतं. "शिटीवाल्या आजींचं नवीन घेतलंय. आणि ऐका, त्या जिन्यात आहेत. किती सांगितलं, वर पेशंट जात नाहीत म्हणून! ऐकतील तर शपथ. म्हणतात, त्या माणसाला बघायचंय मला."

कवळीवाल्याने आधी दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे. खिडकीतून उडी मारण्याचा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. पण प्लास्टर कालवलेलं होतं, ते ओतणं भाग होतं. तो ओतत होता तेवढ्यात बाई आत आल्या. अंगाने काडी, पाठ ताठ, मनगटावर पुरुषी घड्याळ. पुढचे चार दात नव्हते आणि ते लपवायची त्यांना काडीची गरज वाटत नव्हती.

"तुम्हीच का ते?"

त्याने मान हलवली.

"हे किती वेळ चालणार?" त्यांनी साच्याकडे बोट केलं.

"चाळीस... चाळीस मिनिटं."

"मग बसते." त्या त्याच्याच स्टुलावर बसल्या. "आता सांगा. माझ्या तोंडात शिटी का बसवलीत?"

"वही... वहीत लिहिलं होतं. वही आता नाहीये."

"मग तोंडी सांगा. तोंड आहे ना तुम्हाला? का तेही प्लास्टरचं?"

मावशी फिदीफिदी हसल्या आणि बाईंनी नुसती नजर टाकताच खाली पळाल्या. आता पळवाट नव्हती. कवळीवाल्याने भिंतीकडे तोंड केलं आणि सांगायला लागला. आधी शब्द अडखळत होते. पण ती शिंपीण नऊ दिवस त्याच्याजवळ राहिली होती, तिच्या घरातली कपाटंसुद्धा त्याला माहीत होती. टाचण्या, तीन मुली, विकलेलं मशीन, शिंकणारं मांजर, सगळं त्याने सांगितलं. शेवटी शेवटी तर त्याचा चेहरा बाईंकडे कधी वळला ते त्यालाही कळलं नाही.

बाईंनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "मुली नाहीत मला. लग्नच केलं नाही."

"शिवण?"

"सुईत दोरा ओवायचा तर मला बहिणीला हाक मारावी लागते."

"पण दातावरची ती खाच..."

"वायर! रेडिओ दुरुस्त करायचे मी. वडिलांचं दुकान होतं, त्यांच्यानंतर मी चालवलं. एकेचाळीस वर्षं. दर वेळी पक्कड कोण शोधत बसणार? वायर दातात धरायची, ओढायची, की सोलली."

"आणि हसणं?"

"बहीण म्हणते, तुझं तोंड म्हणजे बंद पडलेला रेडिओ."

कवळीवाला खाली बघत राहिला. एक, एकसुद्धा गोष्ट बरोबर नव्हती. नऊ दिवस! आणि त्याआधीची इतकी वर्षं? ते एका बाजूने चावणारे गृहस्थ, त्यांचा तो भाऊ? त्याला रडूच यायचं बाकी राहिलं.

"लोकांबद्दल इतकी उत्सुकता तुम्हाला," बाई म्हणाल्या. आवाज मघापेक्षा मऊ होता. "आणि एकालाही विचारलं नाहीत? खाली तर बसलेले असतात सगळे."

"भीती वाटते."

"लोकांची?"

त्याने थोडा विचार केला. "नाही. मी लिहिलेलं असतं, आणि खरं काही वेगळंच निघालं तर?"

"निघालं ना आज? मेलात का?"

"नाही," तो म्हणाला, आणि स्वतःलाच नवल वाटून त्याने बाईंकडे पाहिलं.

बाईंनी घड्याळ बघितलं. अजून पंधरा मिनिटं होती. कवळीवाल्याला एक विचारायचं होतं. त्याने दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. तिसऱ्यांदा मात्र ते बाहेर पडलंच.

"वायर दातात धरली की... चव कशी लागते?"

बाईंनी मनगटावरचं घड्याळ फिरवलं, परत सरळ केलं.

"एकेचाळीस वर्षं लोक मला प्रश्न विचारत आले," त्या म्हणाल्या. "कधी मिळेल? पुन्हा बिघडणार नाही ना? बाई असून हे काम का करता? हे कुणी नाही विचारलं." त्या थांबल्या. "आधी वरच्या वेष्टणाची लागते. कडवट. मग तांबं लागतं. गार, आणि थोडं रक्तासारखं. वडील गेले ना, त्या दिवशी मला रडताच येईना. घरात सगळे रडत होते आणि मी ठोंब्यासारखी. म्हणून दुकानात जाऊन बसले, एक रेडिओ उघडला. वायर दातात धरली, ती चव आली, आणि मग जे रडू फुटलं... बहिणीला अजून वाटतं, मी रडलेच नाही."

कवळीवाल्याचा हात आपोआप टेबलावरच्या पेन्सिलकडे गेला.

"आत्ता नाही," बाई म्हणाल्या. "आत्ता ऐका. लिहा उद्या."

त्याने पेन्सिल खाली ठेवली. दारात डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. आजी वर अडकल्या की काय म्हणून बघायला आल्या होत्या, आणि कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे. त्या आत आल्या, साच्यावर बोट टेकवून बघितलं आणि म्हणाल्या, "काका, हे कधीच घट्ट झालंय." मग जाता जाता वळल्या. "वही आणा उद्यापासून. पण दात चिठ्ठीप्रमाणे. आणि मेणातले दात घालून बघितल्याशिवाय मी कुणाला सोडणार नाही. आजी, तुम्हालासुद्धा."

"येईन उद्या," आजी म्हणाल्या. खेपा नकोत म्हणणारी बाई ती हीच का, असं डॉक्टरीणबाईंना वाटलं असणार.

संध्याकाळी कवळीवाल्याने बायकोला सगळं सांगितलं, पायपुसण्यावर चपला काढता काढताच. तिने मधे एकदाही टोकलं नाही. सांगून झाल्यावर तिने डोळे पुसले, शेजारणीकडून स्टूल मागून आणलं, कारण घरचं डुगडुगत होतं, आणि स्वतः माळ्यावर चढली.

शुक्रवारी नऊ वाजता प्लास्टर ओतलं. हात धुतले, पुसले, वही उघडली. एरवी चाळीस मिनिटांत दोन पानं भरणारा माणूस! त्या दिवशी तीनच वाक्यं झाली. पहिलं तीनदा खोडून लिहिलं, कारण ते बाईंनी सांगितलं तसं उतरत नव्हतं. चौथं वाक्य काही केल्या येईना. पूर्वी असतं तर त्याने काहीतरी रचून दिलं असतं, त्याचा हातखंडाच होता तो. आता रचावंसं वाटेना. बाईंना एक गोष्ट विचारायची राहून गेली होती.

तो उठला. चौदा पायऱ्या उतरला आणि पेशंटच्या खोलीचं दार त्याने ढकललं. बाकांवर सहा-सात माणसं बसली होती. सगळ्यांनी माना वर केल्या. याची जीभ टाळ्याला चिकटली. कोपऱ्यात बाई बसल्या होत्या, त्याने आदल्या दुपारीच मेणात बसवलेले दात घालून बघण्यासाठी नंबरची वाट बघत. तो सगळ्यांच्या समोरून, कुणाच्या पायाला पाय लागत, तिथवर गेला.

"बाई," तो म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही दुकानात रेडिओ उघडला होतात, तो कुणाचा होता?"

बाईंनी वर बघितलं.

"वडिलांचाच," त्या म्हणाल्या. "रोज ऐकायचे तो. तेवढा एक मला दुरुस्त करता आला नाही."

आणि मग त्यांनी मांडीवरची पिशवी उचलून पायाशी ठेवली आणि त्याला बसायला बाकावर जागा करून दिली.